साहेबाच्या गाडीचा चीक

रोह्याच्या त्या घरात पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा माझी खात्रीच झाली होती, की ही माणसं माझ्यापासून काहीतरी लपवतायत. दाराच्या चौकटीला बोटाएवढी एक डबी तिरकी ठोकलेली होती आणि आत-बाहेर करताना काका तिला बोटं लावून ती ओठांना टेकवत. स्वयंपाकघरात भांड्यांच्या दोन मांडण्या, एकमेकींकडे पाठ करून उभ्या. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध होतं, तसं मी आमच्या हिंगोलीकडे कधी खाल्लं नव्हतं, तिखट लागलं म्हणून जरा दही मागितलं तर मावशी म्हणाल्या, "मटणावर दही नाय मिळायचं हितं." कारण सांगितलं नाही. शुक्रवारी ऊन उतरलं की काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि त्यात तरंगती वात. शनिवारी दोघं विस्तवाला हात लावत नसत. काकांचं नाव शालोम, मावशींचं दिना, आणि बोलणं मात्र असं अस्सल इकडचं, की मलाच निम्मं समजत नसे. मी शेजारच्या किराणावाल्याला हळूच विचारलं, तर तो हसला. "अरे शनवारतेली हायत ते, ज्यू लोक. पिढ्यान्पिढ्या हितलेच. यांची पोरं गेली तिकडं, त्यांच्या देशात. ही दोघंच राहिली हायत. तू कुठला ते सांग आधी." संशय घ्यायला मी निघालो होतो आणि घरी परतलो तो स्वतःच संशयित होऊन.

मी त्या घरात आलो कसा, ते थोडक्यात. सहावीत शाळा सुटली, कारण वडील विहिरीच्या कामावर पडले. मिसरूड फुटल्यावर एका दूरच्या मामाबरोबर रोह्याच्या कारखान्यांकडे ठेकेदाराच्या कामावर आलो. मामा एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला, आणि मी तापानं फणफणत ज्या ओट्यावर पडलो तो ओटा या दोघांचा होता. मावशींनी तांदळाची पेज पाजली, काकांनी डॉक्टर आणला, ताप उतरला आणि मी तिथंच राहिलो. "जाशील कुठं आता?" मावशी म्हणाल्या होत्या. मी पाणी भरायचो, बाजार आणायचो, नारळ सोलायचो, शनिवारी चूल पेटवायचो आणि गाडी पुसायचो. पण उपकाराखाली राहणाऱ्या माणसाची झोप हलकी असते. काकांनी भांडं जरा जोरात ठेवलं तरी मला वाटायचं, माझंच काही चुकलं. आजही कुणी मला "जरा इकडे ये" म्हटलं, की मी आधी माफीच मागतो. या वयात.

गाडीचं आता सांगतो. काका हयातभर ड्रायव्हर. जवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशी साहेब आला होता, त्याच्याकडे ते शेवटी होते. साहेब स्वदेशी परतला तेव्हा स्वतःसाठी आणवलेली गाडी काकांच्या नावावर करून गेला. राखाडी रंगाची, लांबट, दार लावलं की मऊ 'धप्' असा आवाज. तसा आवाज तेव्हा आमच्याकडच्या कुठल्याच गाडीच्या दाराला नव्हता. आतला सगळा डॅशबोर्ड, दारांच्या मुठी, काचांची बटणं यांच्यावर एक काळा लेप होता. हात लावला तर प्लॅस्टिक वाटायचंच नाही. नुकत्या जन्मलेल्या रेडकाच्या कानासारखं मऊ लागायचं. काका ती गाडी लग्नाला द्यायचे. पेणपासून कोलाडपर्यंत नवरदेव मिरवायचा तर साहेबाची गाडी, असं ठरूनच गेलं होतं. पोरं "तिकडे या" म्हणून बोलवत होती, काका म्हणायचे, "गाडी चालते हाय तवर मी हाय." त्यामुळे गाडी पुसताना मला वाटायचं, मी माझंच छप्पर पुसतोय. चौकटीवरच्या त्या डबीत त्यांच्या पोथीतल्या ओळींची सुरळी असते, हे मला मागाहून कळलं; गाडीची किल्ली तिच्या बरोबर खाली, खिळ्याला टांगलेली असायची. जाणारा-येणारा कुणीही घेऊ शकला असता. कुणी घेत नव्हतं.

त्या वर्षी पावसाळाभर गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. दिवाळीच्या आधी एका शनिवारी मी ती पुसायला घेतली, तर फडकं डॅशबोर्डवरून सरकेना. ओढलं तर 'चर्र' आवाज. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हवा दमट हाय. पापड सुद्धा सादळलेत. उनात धर." गाडी उनात काढली. ऊन खाऊन ती आणखीच चिकट झाली, पण वरून पाहणाऱ्याला काळीभोर, तुकतुकीत दिसायची. काका खूश. "बघ कशी चमकते!"

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलं लग्न लागलं ते वडखळच्या अलीकडच्या खाडीकाठच्या एका गावात, मिठागरवाल्यांच्या घरी. फुलं बांधायला आणि दारं उघडायला काकांबरोबर मी. नवरदेवाला शिवून आणलेला पांढरा कोट. तो ऐटीत मागं बसला, कोपर दाराच्या मुठीवर टेकवलं आणि गावातून फेरी मारून मांडवापाशी उतरला, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत काळा पट्टा. बँडवाले वाजवायचे थांबले. नवरदेवाची म्हातारी आत्या पुढं आली, तिनं कोपर धरून उलटसुलट बघितलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगो बाय! नवऱ्याला तीट लावायची ती गालाला, ह्या मेल्यांनी कोपराला लावली!"

लोक हसले. नवरदेवाचा भाऊ हसला नाही. "काका, गाडीला डांबर फासलंय काय?"

"नाय रे बाबा, गाडी कालच पुसलेली हाय."

"कुणी पुसली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलंच. पण त्या बघण्याबरोबर मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आत्यानं तेवढ्यात नवरदेवाचं उपरणं त्या हातावर गुंडाळून वेळ मारून नेली. "चल रं, मुहूर्त काय कोपरावर लागत नाय." परत येताना नवरीच्या शालूचा काठ दाराला चिकटला, तो सोडवताना जरीचे धागे निघाले. काका सबंध वेळ समोरच्या काचेतून बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्याच दुपारी आम्ही पेणवरून पुढं हमरापूरला गेलो. तिथं नामू पेंटर म्हणून काकांचा जुना दोस्त. त्याच्या कारखान्यात पुढच्या वर्षीचे गणपती ओळीनं उभे होते, अजून रंग न लागलेले, डोळे न उघडलेले. नामूनं हात पुसत गाडीत डोकं घातलं, डॅशबोर्डला बोट लावलं, ते नाकाशी नेलं. "कच्चा रंग हाय ह्यो. खालचा हात सुकायच्या आधी वरचा मारला की आमच्या गणपतीला असाच होतो. वर्षभर चिकट राहतो."

"अरे नामू, गाडी किती जुनी हाय! रंग आता कच्चा कसा होईल?"

"मग कुणीतरी वरनं काहीतरी मारलंय." नामूनं बोट फडक्याला पुसलं. "आपोआप थोडाच येतो चीक?"

पुन्हा तेच. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. नामूनं मग त्याच्या धंद्यातला उपाय काढला. मूर्तीला हात चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पांढरी भुकटी चोळतात, तिची पिशवीच त्यानं आणली. नामू आणि मी चोळत बसलो, काका लांब उभे राहून बघत होते. काम झालं तेव्हा गाडी आतून पिठाच्या गिरणीसारखी दिसत होती, पण चिकटपणा गेला होता. नामू छाती फुगवून म्हणाला, "बघा! गणपतीला चालतं ते गाडीला नाय चालणार?" आम्ही निघालो. वडखळचा फाटा येईपर्यंत उनानं त्या लेपानं भुकटी गिळली आणि सगळ्यावर मळलेल्या राखेसारखा करडा गोळा बसला. आता तो हाताला नुसता चिकटायचा नाही, हाताबरोबर यायचा.

फाट्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"शनवारी तू गाडी पुसतोस. कशानं पुसतोस?"

"कोरड्या फडक्यानं, काका."

"नुसत्या?"

"नुसत्या."

"स्टेशनवर त्या ट्रॅक्सवाल्या बाबूबरोबर चहा पितोस ना तू?"

"कधीमधी पितो."

"त्यानं काही दिलं व्हतं? पॉलिश म्हणून, तेल म्हणून?"

"न्हाई, काका."

"नखं बघू."

मी हात पुढं केले. नखांत काळं होतंच. आताच तर चोळून आलो होतो. पण ते काळं कालचं की आजचं, हे नख काय सांगणार? काकांनी ते हात बराच वेळ बघितले, मग किल्ली फिरवली. रोहा येईपर्यंत ते मला 'गंगाराम' म्हणाले नाहीत. नुसतं 'अरे', 'ऐक', 'ते दार लाव'. घरी पोचल्यावर मी पाय धुऊन आत आलो तेव्हा डबीखालचा खिळा रिकामा होता.

त्या खिळ्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि दिवसभर त्याच्याकडेच बघत राहिलो. संशय ही चीज त्या लेपासारखीच असते, एकाच्या हाताला लागली की तो ज्याला शिवेल त्याला लागते. मला बाबूचा संशय यायला लागला. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो एकदा आमच्या पडवीत गाडीत बसून गेला होता, "जरा साहेब होऊन बघतो" म्हणून. मी स्टेशनवर जाऊन त्याला सरळ विचारलं, "त्या दिवशी गाडीला काय लावलंस?"

बाबूनं कपातला चहा खाली ठेवला. "मी? माझ्या ट्रॅक्सच्या शिटांतनं काथ्या बाहेर लोंबतोय, तो आत घालायला मला सवड नाय, आणि मी तुमच्या गाडीला मस्का लावत फिरू? तुमच्या मावशीला विचार. करंज्या तळल्या हातानं दार उघडलं असंल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला काढायला बघतायत काय रे? म्हातारा-म्हातारी जाणार असतील पोरांकडे. कायतरी निमित्त पायजे ना." आणि तो विषारी काटा घेऊन मी घरी आलो. आता काका-मावशींचाही संशय. मावशी नामूला शिव्या देत होत्या, नामू निरोप पाठवत होता की गाडीत मुळातच काहीतरी मारलेलं होतं, काका कुणालाच काही म्हणत नव्हते, आणि आम्ही एकाच घरात एकाच रश्श्याबरोबर भात कालवून खात होतो.

काकांनी स्वतःच उपाय सुरू केले. साबणाचं पाणी मारलं, लेप फुगला. रॉकेल लावलं, तर काळं पाणी ओघळून सीटवर गेलं. कुणीतरी थिनर सांगितलं. राखदाणीच्या झाकणाला लावून बघितलं, तर लेपाखालचं प्लॅस्टिकच विरघळून पांढुरकं, खरबरीत झालं. मी बाजूला बादली घेऊन उभा असायचो. ते बादली घ्यायचे, मला काम सांगायचे नाहीत.

शुक्रवारी कोलाडहून एक गृहस्थ आले, त्यांच्या मुलाच्या लग्नाला गाडी ठरली होती. वडखळकडची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. गाडीचं दार उघडून त्यांनी एक बोट टेकवलं आणि ते बोट तसंच वर धरून म्हणाले, "काका, राग मानू नका. आमच्या सुनेचा शालू तिच्या आजीचा हाय." ते गेले. काका ओट्यावर बसून राहिले. ऊन कलत होतं. मी आत चाललो होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी नावानं.

"गंगाराम. आइतवारी तुला एस्टीत बसवून देतो. गावाला जाऊन ये."

'जाऊन ये' म्हणाले, पण तो 'ये' किती पोकळ होता ते दोघांनाही ठाऊक होतं. गावाला कशावर जायचं? वडील खाटेवर, घरात बहिणी, आणि वीटभट्टीशिवाय काम नाही.

"काका, म्या काय केलं?"

"तू केलंस असं मी म्हणत नाय."

"मग?"

"मग कुणी केलं ते तूच सांग. आपोआप झालं म्हणतोस?"

आपोआप काही होतं, हे मलाही कुठं पटत होतं? तेवढ्यात आतून मावशींचा आवाज आला, "वात लावायची वेळ झाली. आता बंद करा दोघंपण." काकांनी तोंडातला पुढचा शब्द गिळला. दिवा लागला की कामाचं, धंद्याचं, भांडणाचं बोलायचं नाही. ते सगळं शनिवार मावळेपर्यंत तसंच ठेवून द्यायचं. इतके दिवस ही रीत मला सुखाची वाटायची. त्या शुक्रवारी तिच्यामुळे माझा निकाल मधल्यामध्ये लटकला.

तो शनिवार मी अजून विसरलो नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पाट्यावर आवाज नाही, विळीवर आवाज नाही, फक्त काकांचं त्यांच्या पुस्तकातलं गुणगुणणं आणि बाहेर कावळे. शुक्रवारचं झाकून ठेवलेलं वालाचं बिरडं, थंड भात. सकाळी नेहमीप्रमाणे मी चूल पेटवली, चहा केला आणि दोघांपुढं कप ठेवले. काकांनी कप उचलला, आणि पिण्याआधी त्यात बघितलं. एक क्षणच. कदाचित माशी बघितली असेल, कदाचित काहीच नसेल. पण कप त्यांनी खाली ठेवला आणि तो निवत गेला. मावशींनी आपला चहा संपवला, मग हात लांबवून काकांचाही कप उचलला आणि तो थंडगार चहा शेवटपर्यंत प्यायल्या. कप उपडा करून माझ्याकडे देत म्हणाल्या, "साखर बरोबर हाय." बोलणं इतकंच. पुढं आयुष्यात मला पुष्कळ आधार मिळाले, पण तो थंड चहा पिण्याइतका मोठा कुठलाच नाही.

रविवारी सकाळी माझं गाठोडं ओट्यावर होतं. काका म्हणाले, "जायच्या आधी एक काम कर. कपाटावर साहेबाचं खोकं हाय, ते काढ." साहेब जाताना सुटे भाग देऊन गेला होता: बल्ब, पट्टे, काचेचे रबर, आणि दाराच्या मुठीचा एक नवा तुकडा, कारखान्यातून आला तसा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. काकांनी तो जपून ठेवला होता. निदान नवरदेव बसतो त्या बाजूची मूठ तरी नवी लावू, असा त्यांचा विचार. मी स्टुलावर चढून खोकं उतरवलं. त्यावरची धूळ बोटभर होती. काकांनी पिशवी उजेडाला धरून चारी कडा बघितल्या. कुठं फाटलेली नव्हती. ब्लेडनं कापली, आत हात घातला, आणि त्यांचा हात आतच थांबला.

त्यांनी तो तुकडा ओढला तर पिशवीही बरोबर आली. लेपानं प्लॅस्टिक धरून ठेवलं होतं. सोलली तसा काळा तंतू ताणला गेला, फणसाच्या गऱ्यावरून चिकट पाती सोडवताना ताणला जातो तसा. काकांनी तुकड्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग बोटांकडे.

"ही मी कधी उघडली नव्हती," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मग हितं कोण आलं व्हतं चीक फासायला? कपाटावर चढून? पिशवी न फाडता? धूळ न हलवता?" त्या थांबल्या. "बाबू आला व्हता काय?"

मी नुकताच उतरलो होतो त्या स्टुलावर काका बसले. कुणी काहीही केलं नव्हतं. साहेबाच्या थंड मुलुखातला तो लेप आमची खाडीची दमट हवा आणि आमचा उकाडा पिऊन पिऊन आतल्या आत कुजला होता, दाराला लावलेलाही आणि पिशवीत ठेवलेलाही. हे आज दोन वाक्यांत सांगता येतं. पेणला माझं गाड्यांच्या आतल्या कामाचं दुकान आहे, तिथं असल्या चिकटलेल्या गाड्या आता नेमानं येतात, आणि प्रत्येक मालक आल्या आल्या एकच विचारतो: कुणी केलं असेल हो हे? धुणाऱ्या पोरानं? ड्रायव्हरनं? बहुधा ड्रायव्हर मागं खाली मान घालून उभा असतो. मी आधी त्याला बसायला खुर्ची देतो, मग गाडीकडे बघतो.

मावशींनी तो तुकडा काकांच्या हातातून काढून घेतला. त्यांचीही बोटं काळी झाली. "इतके दिवस पुरुषांनी भुकट्या नि थिनर केलं. मला कुणी दाखवलं? फणसाच्या चिकासारखा चीक हाय ह्यो. फणसाचा चीक पाण्यानं गेलाय कधी?" त्यांनी वाटीत खोबरेल ओतलं, तुकडा त्यात माखला आणि परातीत ठेवून भात चढवायला गेल्या. भात होईपर्यंत लेप सुटून साबुदाण्याच्या खिरीसारखा गुठळ्या-गुठळ्यांचा झाला होता. तो खरवडायला लाकडी उलथनं आणायला मी आत गेलो आणि दोन मांडण्यांमध्ये उभा राहिलो; एक दुधाची, एक मटणाची, आणि दोन्हीतली भांडी कधी एकमेकांत मिसळायची नाहीत, हे एव्हाना मला कळलं होतं.

"मावशी, दुधाकडचं घेऊ की मटणाकडचं?"

मावशी आधी बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "अरे, गाडी दूध देत नाय नि मटणपण देत नाय. बांबूची चोय घे, माझ्या भांड्यांना हात लावलास तर बघ!"

काकाही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. उठून त्यांनी खिशातली किल्ली काढली, गाडीची दारं उघडली, तेलाची वाटी घेतली. माझं गाठोडं ओट्यावर तसंच होतं. "गंगाराम," ते म्हणाले, "डाव्या दाराकडनं तू सुरू कर. उजवं मी घेतो." राहा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. मावशींनी जाता जाता गाठोडं उचलून आत नेलं, जणू ते कुणीतरी विसरलेलं धुणं होतं.

ते काम एका दिवसाचं नव्हतं. तेल लावायचं, थांबायचं, बांबूच्या चोयीनं हलक्या हातानं खरवडायचं, नाहीतर ओरखडा राहतो. कोपऱ्यातलं काळं काढायला काथ्या. शेवटी डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून आणलेलं स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसायचं, म्हणजे तेलही जातं आणि उरलेला चीकही. स्पिरिट आधी राखदाणीच्या मागच्या बाजूला लावून बघितलं. थिनरची अद्दल घडली होती. थरामागून थर निघाला आणि खालून साधं, कडक, काळं प्लॅस्टिक वर आलं. रेडकाच्या कानासारखा मऊपणा गेला तो गेलाच. काचांच्या बटणांवरच्या पांढऱ्या खुणाही लेपाबरोबर निघून गेल्या. त्यानंतर काका काच वर करायला गेले की ती खाली जायची, आणि ते साहेबालाच दोष द्यायचे. पण हात चिकटत नव्हता. कोलाडचे गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा काकांनी स्वतःचा धुतलेला पांढरा पंचा सगळ्या डॅशबोर्डवरून फिरवून त्यांच्यापुढं उलगडून धरला. पंचा पांढराच होता.

पुढं काही वर्षांनी ती दोघं पोरांकडे गेलीच. ती गेली तेव्हाचं दुःख मोठं आहे आणि ते इथं सांगायचं नाही. इथं त्या आठवड्यानंतरचंच एक सांगून थांबतो.

मावशींनी मलिदा करायचं ठरवलं. त्यांच्यात काही चांगलं झालं, संकट टळलं, की एलियाहू नबीच्या नावानं करतात: भिजवलेल्या पोह्यांत खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. काका म्हणाले, "गाडी चिकातनं सुटली, करायलाच पायजे." मावशी नारळ खोवता खोवता म्हणाल्या, "गाडीसाठी नाय करत मी." त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पण तेवढे आता आणायचे कुठून? नागोठण्याहून एक, रेवदंड्याकडून दोन म्हातारे, असे मिळाले तेवढे जमले. नामू पेंटर आला, बाबूही आला आणि सगळ्यात आधी पान मांडून बसला. मी दाराशी उभा होतो, चौकटीला टेकून. किल्ली डबीखाली आपल्या खिळ्याला होती. प्रार्थना संपली. पहिला वाटा पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याला जातो, मला ठाऊक होतं. काकांनी तबक उचललं, म्हाताऱ्यांना ओलांडून दारापर्यंत आले आणि माझ्यापुढं उभे राहिले.

मी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं. साबण, लिंबू, राख सगळं करून झालं होतं. देवाच्या खाण्यात तो हात कसा घालायचा? आणि त्याहून खरं म्हणजे, त्या फाट्यावर काकांनी बघितलेले तेच हे हात होते.

काकांनी तबक एका हातावर तोललं, दुसऱ्यानं माझं मनगट धरून हात पुन्हा पुढं ओढला, आणि मग मनगट सोडून तोच हात माझ्या हाताशेजारी धरला. त्यांचीही नखं तशीच काळी होती, मुळापर्यंत.

"घे," ते म्हणाले. "आता कुणाची कुठली, ओळखायची नायत."